जलमग्न देवालय आणि छायाचित्रकार



इंदापूर तालुक्यांतील पळसदेव येथें पळसनाथाचें प्राचीन देवालय आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें आणि त्याच्या फुगवट्यांत जुनें पळसदेव बुडालें. ग्रामस्थ नव्या गांवठाणांत राहावयास गेले. देवालय मात्र जागच्या जागीं राहिलें. जलाशय भरला असतां पाण्यांत उतरून त्याचें छायाचित्र घेतां येईल काय, असा प्रश्न बारामती-इंदापूरकडील एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्यास सहज पडेल.

ही कला नवी नाहीं. लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें १८९३ सालीं भूमध्य समुद्रांत बान्यूल येथें पाण्याखालीं छायाचित्रें घेतलीं. त्यांतील अडचणी मुख्यतः तीन. पहिली दाबाची. दर दहा मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाचा दाब वाढतो; म्हणून कॅमेरा जलाभेद्य व भक्कम पेटींत ठेवावा लागतो. दुसरी रंगाची. पाणी सूर्यप्रकाशांतील तांबडा रंग प्रथम शोषून घेतें. कांहीं मीटर खालीं शेंदरी मासाहि करडा दिसतो, आणि त्याचे खरे रंग दिसण्यास दिवा बरोबर न्यावा लागतो. तिसरी गढूळपणाची. धुक्यांत कंदील समोर धरला असतां धुकेंच उजळतें, तसा दिव्याचा प्रकाश गाळाच्या कणांवरून उलट फिरतो. दिवा बाजूस धरावा आणि वस्तूच्या अगदीं निकट जावें, हाच त्यावर उपाय.

विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर, भर समुद्रांत, कान्होजी आंग्रे यांच्या नांवाची आंग्रिया बँक ही प्रवाळभूमि आहे. तिचा माथा सुमारें वीस मीटर खोल आहे. तेथून रोज किनाऱ्यास परतणें शक्य नसल्यामुळें पाणबुडे जहाजावरच मुक्काम करतात. तेथील निर्मळ पाण्यांत प्रवाळ व मासे यांचीं रेखीव चित्रें मिळतात. भीमेच्या गाळमिश्रित पाण्यांत मात्र एखादा कोरीव दगड हातभर अंतरावरून टिपतां आला तरी पुष्कळ. सबंध शिखर एका चित्रांत येणें दुर्घट.

तें शिखर दिसतें तें पाणी ओसरल्यावर. २०२४ च्या उन्हाळ्यांत जलाशय खोल गेला, देवालय उघडें पडलें आणि तें पाहण्यास लोक जमले. परंतु त्याच दिवसांत कांठच्या शेतकऱ्यास आपल्या पंपाचे पाइप ओसरत्या पाण्यामागें लांबवावे लागतात आणि उभ्या उसाची चिंता लागते. म्हणून देवालयाचें दर्शन लवकर घडो, अशी इच्छा तेथें कोणी सहसा करीत नाहीं.

तथापि पाणी आलें-गेलें कीं दगडांचे सांधे सैल होतात. यास्तव पुढें जेव्हां देवालय उघडें पडेल, तेव्हां शाळांनीं एक काम करावें. ठराविक जागेवरून, शेजारीं मोजपट्टी ठेवून, प्रत्येक भिंतीचें छायाचित्र घ्यावें. खालीं तारीख लिहावी. एकहि दगड उचलूं नये. जुन्या गांवांत वाढलेल्या वृद्धांना बरोबर न्यावें आणि कोणती आळी कोठें होती, तें विचारून टिपून ठेवावें. भिंती पुनः पाण्याखालीं जातील. परंतु ती माहिती सांगणारीं माणसें पुढच्या खेपेस असतीलच असें नाहीं.