धुराडं कोण साफ करणार?
(नागपूर जिल्ह्यातील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



बिनधुराची चूल बायकांनीच बिघडवली, असं आपल्याला ऐकवलं जातं. आपल्या शेजारी, वर्ध्याच्या मगनवाडीत १९४७ साली मगन चूल निघाली. पुढे सरकारने गावोगाव सुधारित चुली बसवल्या. २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. चूल घरात आली, दुरुस्ती बहुतेक घरांत पोचलीच नाही.

चुलीच्या तोंडातून धूर येऊ लागला की आधी धुराडं बघा. काजळी साचली की ओढ कमी होते. चूल थंड असताना लांब काठीला चिंध्या बांधून वरून साफ करा. वैलावर भांडं नसेल तर तो झाका. भेगा शेणमातीने लगेच लिंपा. नवी चूल घालताना आपलाच गंज ओल्या मातीवर बसवून माप घ्या, साहेबांचं माप नको. पऱ्हाटी अख्खी घालता यावी म्हणून तोंड फोडू नका. ती तोडायचं कामही आपल्याच वाट्याला येतं, हे खरंच!

गॅस आला, तरी सिलिंडर संपला की चूल पेटतेच. छपरावर चढणं पुरुषाचं काम म्हणून धुराडं वर्षभर तुंबलेलं, आणि खोकतो आपण. शिडी आणलीय. चला मागच्या अंगणात, मी आधी चढते.