घोट्याला आधार: मोज्याचा किती, सरावाचा किती?



मुरबाड-शहापूरकडे पायाखालची जमीन सपाट अशी कमीच मिळते. आवणीच्या दिवसांत निसरडे बांध, उन्हाळ्यात भेगा पडलेली खाचरं, डोक्यावर मोळी घेऊन उतरायची रानातली वाट. सुटीच्या दिवशी नाणेघाट, गोरखगड, सिद्धगड, माहुली चढायला येणारी तरुण मंडळी असतात. शहापूर, खर्डी, कसारा करत शिर्डीला निघालेल्या पालख्यांमधले पदयात्री असतात. मातीच्या मैदानावर कबड्डी खेळणारी आपली मुलं असतात. या सगळ्यांचं एक दुखणं समान आहे: पाय मुरगळणं. आणि त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला असतो. मेडिकलमधून अँकलेट आणून घातलं, घट्ट मोजा घातला, तर पाय सावरेल का? आज त्याबद्दलच बोलू.

आधी घोटा समजून घेऊ. नडगीचं हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड मिळून एक खोबण होते. त्या खोबणीत पावलाचं टॅलस नावाचं हाड बसतं. हे हाड पुढच्या बाजूला रुंद आणि मागच्या बाजूला अरुंद आहे. चढताना पाऊल वर उचललं जातं, तेव्हा रुंद भाग खोबणीत घट्ट बसतो. उतरताना पाऊल खाली झुकतं, अरुंद भाग खोबणीत येतो आणि घोटा सैल पडतो. म्हणून गड चढताना नीट असलेला पाय उतरताना दगा देतो. पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि बाहेरच्या अंगाचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, ताणतो किंवा फाटतो.

हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर घडतं. पाय वळल्याची वर्दी मेंदूला पोहोचून पोटरीच्या बाहेरचे स्नायू आवळले जाईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून पाऊल टेकण्याआधीच हे स्नायू तयार असावे लागतात. ही तयारी येते पायाच्या जाणिवेतून.

तोल सांभाळायला शरीराकडे तीन साधनं आहेत: डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि त्वचा, स्नायू व सांधे यांच्यातली जाणीव. शहापूर तालुक्यात तानसा, भातसा, वैतरणेची धरणं आहेत, तरी उन्हाळ्यात तिथल्या कितीतरी पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन पाणी आणतात. हंडा डोक्यावर असताना मान खाली घालून पाय कुठे पडतोय ते बघता येत नाही. रात्री अंधारात शेतावर जाणाऱ्याचंही तेच. अशा वेळी तोलाचा सगळा भार पायाच्या जाणिवेवर येतो.

पाय मुरगळला की लिगामेंटबरोबर त्यातले जाणिवेचे तंतूही दुखावतात. फ्रीमन या ब्रिटिश अस्थिरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये हा विचार मांडला. सूज उतरते, दुखणं थांबतं, पण जाणीव कमी झालेली असते, म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. डुलत्या फळीवर उभं राहण्याचा सराव दिलेल्या रुग्णांमध्ये ही तक्रार कमी झाल्याचंही त्यांनी दाखवलं.

आता मोज्याकडे येऊ. दुकानात तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली, गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे. ते मुख्यतः शिरा फुगलेल्यांसाठी असतात. दुसरी, घोट्यावर चढवायचं ताणाचं अँकलेट. तिसरी, नाडीने आवळायचा किंवा दोन्ही बाजूंना कडक पट्ट्या असलेला ब्रेस. तिन्हींचं काम वेगळं आहे.

मऊ अँकलेट पावलाला वळण्यापासून अडवू शकत नाही, तेवढी ताकद त्याच्या कापडात नसते. ते त्वचेवर सारखा हलका दाब देतं आणि त्यामुळे घोटा कुठे, कसा आहे याची जाणीव थोडी जागी राहते. याबद्दलच्या अभ्यासांत एकमत नाही. काहींत तोल थोडा सुधारलेला दिसला, काहींत फरक पडला नाही. ज्यांची जाणीव आधीच कमी झालेली आहे, त्यांना फायदा होण्याची शक्यता जास्त. ब्रेसचा पुरावा मात्र भक्कम आहे: आधी पाय मुरगळलेल्या खेळाडूंनी खेळताना ब्रेस घातला, तर पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून कबड्डीच्या किंवा व्हॉलीबॉलच्या मुलाचा पाय एकदा मुरगळला असेल, तर पैसे ब्रेसवर खर्च करा.

आता आपल्या भागातली खरी अडचण. चिखलणीला, आवणीला मोजा घालून उतरता येत नाही. ओला मोजा दिवसभर पायात राहिला, तर त्वचा मऊ पडते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. ज्यांचा पाय सगळ्यात जास्त घसरतो, त्यांना मोजा, अँकलेट, ब्रेस यांचा उपयोग नाही. त्यांच्या घोट्याला एकच आधार आहे, तो म्हणजे सराव. आणि तो फुकट आहे.

नेदरलँड्समध्ये पाय मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारानंतर ज्यांनी आठ आठवडे घरच्या घरी तोलाचा सराव केला, त्यांच्यात पुन्हा मुरगळण्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला. त्यासाठी कोणतंही महागडं यंत्र लागलं नाही.

हा सराव असा करा. भिंतीजवळ उभे राहा. एका पायावर ३० सेकंद, मग दुसऱ्या पायावर, असं तीनदा. आठवड्याभरात जमलं की हेच डोळे मिटून करा, हात भिंतीजवळ ठेवा. तेही जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर उभं राहून करा. मग दोन्ही टाचा हळूहळू उचलून हळूहळू खाली टेकवा, दहा-पंधरा वेळा. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोन्ही पावलांभोवती घालून पाऊल बाहेरच्या बाजूला ढकला. रोज दहा मिनिटं, किमान आठ आठवडे. दुखणं वाढलं तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

वयस्कर मंडळी आणि मधुमेही यांनी दोन गोष्टी जपाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ६५ वर्षांवरील दर शंभरांपैकी २८ ते ३५ जण वर्षातून एकदा तरी पडतात. घरात आता लाद्या आल्या आहेत. लादीवर नुसते मोजे घालून चाललं तर पाय घसरतो, म्हणून टाचेला पट्टा असलेली, पायात नीट बसणारी चप्पल घाला. मधुमेहात पायाची जाणीव बोथट होते. घट्ट मोजा रुतला, जखम झाली, तरी कळत नाही. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर दाबाचा मोजा धोक्याचा ठरतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा आणि रोज रात्री तळपाय बघा.

अँकलेट घ्यायचं असेल, तर घोट्याच्या वरचा घेर सकाळी मोजा, कारण तेव्हा सूज कमी असते. बोटांना मुंग्या आल्या, ती थंड किंवा निळसर पडली, तर लगेच काढा. झोपताना घालू नका.

पाय मुरगळलाच तर पहिले दोन-तीन दिवस चोळू नका, शेकू नका, पाय ओढून बसवू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं धरा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर, त्याच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर हाड मोडल्याची शंका घ्या. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा आणि एक्स-रे काढून घ्या.

श्रोतेहो, ज्यांचा पाय वर्षभरात एकापेक्षा जास्त वेळा मुरगळला आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आवणीच्या दोन महिने आधी हा सराव सुरू करा आणि घरातल्या सगळ्यांना सोबत घ्या. मोजा परवडला, डॉक्टरांनी सांगितला, तर जरूर घाला. पण मोजा घातला म्हणून सराव सोडू नका.