मूठभर धान्य आणि मूठभर भांडवल

(परभणी येथे पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या काही वर्षांत ‘स्टार्टअप’ हा शब्द आपल्या कानांवर वारंवार पडू लागला आहे. केंद्र शासनाने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’चा कृती आराखडा जाहीर केला, २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनानेही अशा नवउद्योगांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. ‘सेवाभावी संस्था’ हा शब्द मात्र आपल्या जुन्या परिचयाचा आहे. नवउद्योग नफ्यासाठी आणि संस्था सेवेसाठी. तेव्हा या दोहोंचा परस्परांशी संबंध तो काय, असे कोणासही वाटेल. परंतु दोन्हीकडील तरुण मंडळी आपल्याच ग्रामपंचायतीच्या दारी येणार आहेत. कोणी जागा मागेल, कोणी शाळेची खोली, तर कोणी ग्रामसभेचा ठराव. त्यांना काय विचारावे हे ठरविण्यासाठी या दोहोंतील साम्य आणि भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिले साम्य असे की, आरंभी दोघांपाशीही असते ते न पडताळलेले उत्तर. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. नांगर चांगला होता, पण तो चांगला आहे हे ठरविण्याचा अधिकार शेतकऱ्याचा होता. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

किर्लोस्करांचा माल विकण्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्यांत एक गृहस्थ होते भाऊराव पाटील. त्यांनीच ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नव्या अवजाराविषयी शेतकऱ्याच्या मनातील शंका दूर करणे आणि शाळेविषयी त्याच शेतकऱ्याच्या मनातील शंका दूर करणे, ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली. उद्योग आणि सेवा यांच्यातील भिंत आपण समजतो तितकी उंच नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता?

दुसरे साम्य भांडवलाचे. जे अद्याप सिद्ध झालेले नाही, त्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. आरंभीचा पैसा घरातून, आप्तांकडून किंवा विश्वास टाकणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाकडून येतो. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांना उपाशी ठेवायचे नाही म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. आजचा नवउद्योजक घर गहाण ठेवतो, तेव्हा हेतू निराळा असला तरी जोखीम त्याच जातीची असते.

तिसरे साम्य प्रयोगाचे. आपल्या परभणीकरांना ते समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १८ मे १९७२ रोजी येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे तयार झालेला ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण केवडा रोगास प्रतिकारक म्हणून शेतकऱ्यांच्या हाती आला. परंतु त्याआधी तो प्रयोगाच्या वाफ्यातून गेला होता. वाफ्यात जे टिकत नाही, ते शिवारात पेरू नये, हा नियम संस्थेला आणि कंपनीला सारखाच लागू आहे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी बांधवांना मोठ्या इमारतीचे भय वाटते हे ऐकून घेऊन त्यांनी रुग्णालय पाड्यासारखे बांधले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. पुढे गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी ३९ गावांत केला आणि दुसऱ्या ४७ गावांशी त्याची तुलना केली. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ मध्ये केंद्र शासनाने ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्याचे ठरविले. आधी ऐकले, मग मोजक्या गावांत करून पाहिले, मोजमाप केले आणि नंतरच विस्तार केला.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. नफा नको म्हणजे शिल्लकही नको, असे नव्हे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास असो, १८६० च्या कायद्याखालील सोसायटी असो अथवा २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खालील कंपनी असो, शिल्लक आपसांत वाटून घेण्यास मनाई आहे. ती कार्यासाठी राखण्यास नाही. ज्या संस्थेकडे पुढच्या सहा महिन्यांच्या पगाराची तरतूद नाही, तिची सेवा गावाने कोणत्या भरवशावर स्वीकारावी?

आता भेद पाहू. माझ्या मते खरा महत्त्वाचा भेद एकच आहे. नांगर वाईट निघाला, तर शेतकरी दुसरा घेत नाही आणि कारखानदारास आपली चूक कळते. संस्थेच्या बाबतीत पैसा देणारा मुंबईत आणि लाभ घेणारा सोनपेठच्या किंवा जिंतूरच्या वाडीत. शिलाईयंत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात, अहवाल देणगीदाराकडे जातो. वर्षभराने यंत्रे कोपऱ्यात धूळ खात पडली, तरी वाडीतील बाई कोणाला सांगणार? फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करणे तिला अप्रशस्त वाटते. हीच व्याधी नवउद्योगालाही जडते. गुंतवणूकदाराच्या पैशावर माल स्वस्त विकून ग्राहक जमविले जातात. पैसा आटला की ग्राहकही आटतात आणि कंपनी गाव सोडून जाते. देणगी मिळणे किंवा गुंतवणूक मिळणे म्हणजे काम यशस्वी होणे नव्हे, हे दोघांनीही ओळखले पाहिजे.

यावरील उपाय रयत शिक्षण संस्थेने फार पूर्वी दाखविला. तो म्हणजे मुष्टिफंड. घरोघरच्या स्त्रिया दळणाच्या धान्यातून एक मूठ वसतिगृहासाठी बाजूला ठेवीत. त्या मुठीने मुलांचे पोट तर भरलेच. पण माझ्या समजुतीप्रमाणे तिचे मोल त्याहून अधिक होते. जिने मूठ दिली, तिला मुले शिकतात की नाही हे विचारण्याचा हक्क मिळाला. मूठ बंद झाली असती, तर संस्थेस आपली चूक त्याच दिवशी कळली असती.

म्हणून माझी विनंती आहे की, उद्या कोणी नवी योजना घेऊन आले, तर त्यांना चार प्रश्न विचारावेत. ही अडचण तुम्हाला कोणी सांगितली? कोणत्या एका वाडीत आधी करून पाहणार, आणि ते फसले असे केव्हा मानणार? बाहेरचा पैसा थांबल्यावर खर्च कोण चालविणार? आणि गावाने यात काय घालावे? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नको’ असे आले, तर सावध राहावे. गावाचा वाटा श्रमाचा असेल, धान्याचा असेल, दहा रुपयांचा असेल. पण तो असावा. आणि वर्षअखेरचा अहवाल देणगीदाराकडे जाण्यापूर्वी ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. सरपंचाने आग्रह धरला तरी पुरे.

येणाऱ्या तरुणांना संशयाने परत पाठवू नये. लोखंडी नांगरालाही कोणीतरी पहिल्यांदा आपले शेत दिलेच होते. आपणही शेत द्यावे, मात्र पीक कसे आले हे पाहण्यास स्वतः बांधावर उभे राहावे, इतकेच मला सांगावयाचे आहे.