खेड्यांतील सभा आणि गाडगे महाराजांचें कीर्तन

खेड्यांत सभा भरते ती दिवाणखान्यांत नव्हे. देवळाचा सभामंडप, पिंपळाचा पार आणि चावडी हींच गांवाचीं सभागृहें. पारावर तंटे मिटावयाचे, चावडीवर सरकारी हुकूम ऐकावयाचे आणि सप्ताहांत किंवा जत्रेंत देवळापुढें कीर्तनास बसावयाचें, असा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला. परंतु या सभेला एक जुना रोग होता. कोणीं कोठें बसावें हें बोलणें सुरू होण्यापूर्वींच ठरलेलें असे. मानकरी पुढें, बाकीचे मागें, स्त्रिया आडोशाला; आणि अस्पृश्य मानलेलीं माणसें दूर उभीं राहून कानांवर पडेल तेवढेंच ऐकणार!

या रोगावर ज्यांनीं सभेच्या आंतूनच उपाय केला, त्यांत गाडगे महाराजांचें नांव अग्रभागीं येतें. १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें परीट कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. अक्षरओळख त्यांना नव्हती. १९०५ सालीं ते घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, जवळ एक गाडगें आणि हातांत खराटा, एवढाच त्यांचा संसार.

गांवांत शिरतांच ते कोणाच्या ओसरीवर न टेकतां रस्ते झाडूं लागत. पाहावयास जमलेलें माणूस हळूहळू हातभार लावी. सायंकाळीं त्याच झाडलेल्या जागीं कीर्तन होई. सभेची जागा श्रोत्यांनीं स्वतःच सिद्ध केलेली असल्यामुळें ती कोणा एकाच्या मालकीची राहत नसे.

त्यांच्या कीर्तनांत पांडित्याला थारा नव्हता. वऱ्हाडी बोलींत ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. कर्ज काढून सण साजरा करावा काय, नवसापायीं मुकें जनावर मारावें काय, पोटाला चिमटा घेऊन का होईना पण मुलास शाळेंत घालावें कीं नाहीं, अशा गोष्टींचीं उत्तरें ते समुदायाकडूनच वदवून घेत. उपदेश घरीं जातां जातां विसरतां येतो. चारचौघांत स्वतःच्या तोंडून निघालेलें उत्तर विसरणें तितकें सोपें नसतें. पंगतींतहि त्यांनीं जातिभेद मानला नाहीं. पंढरपुरास येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांसाठीं त्यांनीं चोखामेळ्याच्या नांवें धर्मशाळा बांधविली. पायां पडावयास आलेल्या माणसास मात्र ते दूर सारीत.

२० डिसेंबर १९५६ रोजीं महाराजांचें निधन झालें. पुढें १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस राज्यघटनेंत स्थान मिळालें. बसण्याचा आणि बोलण्याचा हक्क आज प्रत्येक मतदारास कायद्यानें लाभला आहे. २०००-०१ सालापासून महाराजांच्या नांवानें राज्यांत ग्रामस्वच्छतेचें अभियानहि निघालें, आणि पुष्कळ गांवांनीं त्यांत उमेदीनें भाग घेतला. परंतु जेथें ध्वनिक्षेपकावर एकच आवाज घुमतो आणि शेवटच्या रांगेंतील बाई नोंदवहींत अंगठा उमटवून मुकाट्यानें घरीं परतते, तेथें सभा भरूनहि न भरल्यासारखीच होय.

शहरांतील सुशिक्षित मंडळी खेड्यांत व्याख्यानास जातात, तें चांगलेंच आहे. मात्र व्यासपीठावर चढण्यापूर्वीं त्यांनीं खालचें अंगण झाडावें, आणि सांगण्यापूर्वीं विचारावें. खेड्याला वक्त्यांची वाण पूर्वींहि नव्हती. आपलें उत्तर ऐकून घेणारा माणूसच त्याला क्वचित् भेटतो.