सत्कारानंतरचा प्रश्न : कोणते कॉलेज?

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



समितीची मंडळी मला म्हणाली, "सर, दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार करतो, वह्या-पेन देतो, फोटो काढतो. यंदा त्यांना पुढचं काहीतरी सांगा." मला ही सूचना फार आवडली. कारण सत्काराचा हार संध्याकाळपर्यंत सुकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात प्रश्न उभा राहतो, आता याला घालायचं कुठे?

ज्यांच्या घरात आजोबा-वडील शिकलेले आहेत, तिथे या प्रश्नाचे उत्तर जेवताना बोलता बोलता मिळते. आपल्याकडे अजूनही कित्येक घरांत कॉलेजची पायरी चढणारे हे पहिलेच पोर असते. बाप म्हणतो, "मला काय कळतं, तू बघ." आणि सतरा वर्षांचे पोर एकटेच बघते.

एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. आपल्याच वस्तीतले एक रिक्षावाले बंधू, त्यांचा मुलगा बारावी सायन्सला होता. एकदा वंदना झाल्यावर याच पायऱ्यांवर त्यांनी मला विचारले, "सर, पोराचं पुढं काय करावं?" मी घाईत होतो. म्हणालो, "निकाल तर लागू द्या, मग बघू." निकाल लागला, मार्क चांगले होते. पण तोवर त्यांना एक एजंट भेटला होता. "सीट पक्की करून देतो" म्हणाला आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश करून दिला. ते पेढे घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मला कळले. सरकारी प्रवेशफेरीचा फॉर्म भरलाच नव्हता. मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश म्हणून शिष्यवृत्तीही नाही. पहिल्या वर्षाला रिक्षावर कर्ज काढले, दुसऱ्या वर्षाला बायकोचे सोने गेले, तिसऱ्या वर्षाची फी भरताच आली नाही. मुलगा आज पार्सले पोचवतो. कष्टाचे काम आहे, त्यात कमीपणा नाही. पण ते त्याने निवडलेले नाही.

दोष त्या एजंटाचा होताच. पण माझ्या त्या "मग बघू"चाही होता. म्हणून आज मी इथे उभा आहे.

मित्रांनो, पहिली गोष्ट विषयाची. भगवान बुद्धांनी कालामांना जो उपदेश केला तो आपण नेहमी ऐकतो. परंपरेने आले म्हणून, लोक म्हणतात म्हणून, कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका. स्वतः पारखा आणि हिताचे असेल ते स्वीकारा. हा उपदेश कॉलेज निवडतानाही लावून बघा. मित्र सायन्सला गेला म्हणून मी सायन्सला, मामा म्हणतो म्हणून इंजिनिअर, ही काही पारख नव्हे. तुमची दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा. कोणत्या विषयाला बसल्यावर वेळ कसा गेला ते कळत नाही, हे प्रामाणिकपणे लिहा. मग दारे मोजा. दहावीनंतर आयटीआय आहे. तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. तो करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. आर्ट्स घेतले म्हणजे संपले असे नाही. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेचा मुलगा जाऊ शकतो. मात्र काही दारांना अटी आहेत. डॉक्टर व्हायचे तर जीवशास्त्र आणि 'नीट' लागते. इंजिनिअरिंगला 'एमएचटी-सीईटी'चा गणिताचा गट द्यावा लागतो. अकरावीला सोडलेला विषय बारावीनंतर आठवून उपयोग नाही.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या कष्टाने संस्कृतचा अभ्यास केला. त्यांना निवड नाकारली गेली होती. आपल्याला ती मिळाली आहे. मिळालेली निवड न वापरणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट कागदांची. ही ऐकायला रुक्ष आहे, पण आपली मुले इथेच मार खातात. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. पण त्यासाठी जातीचा दाखला लागतो आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात पडताळणीही लागते. पडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागते. म्हणजे आजोबांचा, पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, असे काही. आजोबा शाळेतच गेले नसतील तर गावी जाऊन नोंदी शोधाव्या लागतात. हे काम बारावीच्या निकालानंतर होत नाही. अकरावीला प्रवेश घेतला की कॉलेजमार्फत अर्ज करा. पालकांनो, या मे महिन्यात गावी लग्नाला जाल तेव्हा एक सकाळ त्या गावच्या शाळेत घालवा. सोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि आधारला जोडलेले मुलाच्या नावाचे बँक खाते, एवढे तयार ठेवा.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष कॉलेज बघण्याची. आपण भाजी घेताना मेथीची जुडी उलटून बघतो आणि जिथे पोराची तीन-चार वर्षे जाणार ते कॉलेज जाहिरातीवरून घेतो. चार कॉलेजे पायाने फिरून बघा. गेटच्या आतल्या बागेला भुलू नका, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय बघा. तिथे शिकणाऱ्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठून विचारा : तास होतात का? शिक्षक कायमचे आहेत की तासावर? ऑफिसात विचारा : एकूण फी किती, आणि शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी किती घेता? 'नॅक'ची श्रेणी कोणती? घरून जायला किती वेळ लागतो, शेवटची बस किती वाजता? मुलीच्या बाबतीत तर हा शेवटचा प्रश्न पहिला विचारा. कॉलेज चांगले असूनही बसच्या त्रासाने शिक्षण सुटलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी सकाळच्या वर्गांची सोय पाहिली. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाचे काम सुरू केले ते मराठवाड्यातल्या मुलांना शिकायला लांब जावे लागू नये म्हणून. कॉलेज म्हणजे नुसती इमारत नाही. विद्यार्थी कुठे राहतो, काय खातो, कधी कामाला जातो, हे बघून ते ठरते. हा विचार त्यांनी आपल्यासाठी आधीच करून ठेवला आहे.

चौथी गोष्ट पसंतीक्रमाची. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सबंध राज्यात ऑनलाइन झाले आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांना 'कॅप'च्या फेऱ्या असतात. फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज लिहा जे खरोखर हवे आहे. कारण पहिली पसंती मिळाली आणि ती घेतली नाही, तर पुढच्या फेरीचे दार बंद होऊ शकते. फॉर्म सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. शेवटच्या तारखेच्या आधी भरा, शेवटच्या रात्री नव्हे.

पाचवी गोष्ट पैशाची. मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर 'महाडीबीटी'वर हा अर्ज भरायचा, आणि तो दरवर्षी भरायचा. एक वर्ष विसरला की ते वर्ष गेले. उत्पन्न त्याहून जास्त असेल तरी हताश होऊ नका, फ्रीशिपची विचारणा करा. बाहेरगावी शिकायचे तर समाजकल्याणचे वसतिगृह आहे. तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज करा. आणि कुणीही "कोट्यातून करून देतो" म्हणाला की आधी विचारा, "या प्रवेशाला शिष्यवृत्ती लागू होते का? लिहून द्या." लिहून देणारा एजंट मी अजून पाहिलेला नाही.

शेवटी समितीला एक विनंती. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिक झालेल्या भीमरावाला बुद्धचरित्र भेट दिले, हे आपण दर जयंतीला सांगतो. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजांची मदत मिळावी म्हणून त्यांनी शब्द टाकला. भेटवस्तू आपण देतोच आहोत. पुढचा भाग बाकी आहे. मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांत दर रविवारी वंदनेनंतर दोन तास इथे एक टेबल मांडा. आपल्यातले जे नोकरीत आहेत, जे शिकलेले आहेत, त्यांनी पाळीपाळीने बसावे. कागद तपासावेत, फॉर्म भरून द्यावा, मुलाबरोबर कॉलेज बघायला जावे. पहिल्या रविवारी मी बसतो. इथे कुणालाही "मग बघू" असे उत्तर मिळणार नाही, एवढी हमी देतो.

 विद्यार्थ्यांना मंगल कामना देऊन माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!