खांबामागची बोट

आम्ही कोपरीच्या बचत गटातल्या बाया. ठाण्याच्या पूर्वेला, रेल्वे आणि खाडीच्या मधे आमची वस्ती. गटातल्या काही जणी चेंदणी कोळीवाड्यातल्या, त्यामुळे बोलणं फिरून पाण्यावर येतंच. आज सांगतो, दुसरी बोट आपल्या बोटीवर धडकणार का, हे कसं ओळखायचं.

तुम्ही म्हणाल, ते तांडेलाचं काम. खरंय. पण धरणाच्या पाण्यावरून लाँचने बाजाराला जाणाऱ्या, खाडी ओलांडून माहेरी जाणाऱ्या आपल्यात कितीतरी आहेत. तांडेलाची नजर एका बाजूला असली, तर दुसऱ्या बाजूला आपण बसलेल्या असतो.

पाण्यावर अंदाज फसतो, कारण तिथे ना झाड ना घर. म्हणून एक खूण धरायची. जागेवर स्थिर बसा. दुसरी बोट आपल्या लाँचच्या कुठल्या खांबाच्या रेषेत दिसते ते बघा. दोन मिनिटांनी पुन्हा बघा. ती खांबाच्या पुढे सरकली तर आपल्या पुढून जाईल. मागे सरकली तर मागून जाईल. पण खांबामागेच राहिली आणि नुसती मोठी होत गेली, तर ती आपल्यावरच येतेय. शेतातल्या दोन पायवाटा एकत्र मिळतात तिथे दोघी एकाच वेळी पोचतात, तसंच हे. मात्र आपली लाँच सरळ जात असतानाच ही खूण खरी. वळताना धरू नका.

मोठं जहाज किंवा बार्ज ओढणारी बोट असेल तर खूण सरकली तरी निर्धास्त होऊ नका. पुढचा भाग निघून जातो आणि मागचं लांबलचक धूड अजून यायचं असतं. ओढणाऱ्या बोटीच्या मागे दोर असतो, तो लांबून दिसतही नाही.

रात्री दिवे बघायचे. बोटीच्या डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. दोन्ही एकदम दिसले तर तिचं तोंड आपल्याकडे आहे. इंजिनाच्या दोन बोटी समोरासमोर आल्या तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आडव्या येत असतील तर जिच्या उजव्या हाताला दुसरी बोट आहे, तिने वाट द्यायची. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत हे आहे. त्यातच असंही आहे की शंका असेल तर धोका आहे असंच धरायचं. म्हणून संकोच करू नका. खलाशाला लवकर सांगा, ‘दादा, ती बोट बघितली का?’ डावीकडे घे, उजवीकडे घे असं मात्र ओरडू नका, ते त्याला ठरवू द्या.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया ही दोन मोठी जहाजं दिवसाउजेडी धडकली. तेल सांडलं, कंटेनर समुद्रात पडले. त्यानंतर मासळी घ्यायला गिऱ्हाईक धजेना. टक्कर बंदरात झाली, पण झळ बाजारात बसलेल्या बायांच्या टोपल्यांपर्यंत आली.

आणि १८ डिसेंबर २०२४ तर तुमच्या लक्षात असेलच. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचवर शंभराहून जास्त माणसं होती. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून तिच्यावर आदळली. पंधरा जीव गेले. त्या आधीचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिला: दूर वळणं घेणारी बोट एकाएकी तोंड फिरवते आणि सरळ येते. इतक्या वेगापुढे खांबाची खूण काय करणार? दोन मिनिटं मिळालीच नाहीत. तिथे अंगावरचं लाईफ जॅकेटच कामाला येतं. आमच्यातल्याच काही जणी पूर्वी ते मांडीखाली घालून बसायच्या, साडी चुरगळते म्हणून.

आता आम्ही धक्क्यावरचा दोर सुटायच्या आत एकमेकींचे बंद ओढून बघतो. आणि बोट दिसली म्हणून सगळ्या एका बाजूला धावत नाही, लाँच कलते. खांबाजवळची जागा मिळाली, तर ती जिची नजर चांगली तिला देतो.