घर बांधण्याची परवानगी



'परवानगी' हा शब्द धाराशिव जिल्ह्याच्या कानांस फारसा गोड लागत नाहीं. आणि तें अकारण नव्हे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. नवें देऊळ बांधणें असो वा जुन्याची डागडुजी असो, तेथें धर्मखात्याची मंजुरी लागे. १९३८-३९ सालीं आर्यसमाजानें हैदराबाद संस्थानांत सत्याग्रह केला, त्याच्या गाऱ्हाण्यांत ही अटहि होती. परवानगी ही तेव्हां सत्तेची मेहेरबानी होती.

आज भूमला कोणी जुन्या माळवदाच्या घरावर मजला चढवूं म्हटलें, तर त्यास नगरपरिषदेकडे अर्ज करावा लागतो. पण या अर्जाची जात निराळी आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानें अर्जदाराप्रमाणें कचेरीसहि बांधून घेतलें आहे. नकार द्यावयाचा तर कारण लिहून द्यावें लागतें, व त्यावर अपीलहि करतां येतें. ६० दिवसांत कांहींच न कळविल्यास, नकाशा नियमांस धरून असेल तर, परवानगी मिळाली असें कायदा मानतो.

मग आपल्याच भिंतीसाठीं दुसऱ्यास कां विचारावें? याचें उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनें दिलें आहे. किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारें ८,००० माणसें गेलीं. चिखलांत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती दुभंगल्या, आणि माळवदाची जड माती निजलेल्यांवर कोसळली. भिंतीचे आंतले व बाहेरचे थर सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणीं नव्हतेच. ज्या घरांनीं उन्हाळ्यांत गारवा दिला, त्यांनींच घात केला.

अशा भिंतीला नवा भार सोसेल काय, हें कोणीतरी विचारलेंच पाहिजे. अर्जासोबतचा नकाशा, जाणत्या अभियंत्याची सही, जोत्याची तपासणी, शेवटचें भोगवटा प्रमाणपत्र, हीं त्या एकाच प्रश्नाचीं रूपें होत. कचेरीनें कागद पाहिला आणि भिंत पाहिली नाहीं, तर ही परवानगीहि जुन्याच वळणावर जाईल. घरमालकानें ती चुकविली, तर धोका छपराखालीं निजणाऱ्या त्याच्याच लेंकरांस आहे.

तेव्हां काम काढणाऱ्यानें गवंडी ठरविण्यापूर्वीं अर्ज करावा, त्याची पोंच घ्यावी, आणि पोंचेवरील तारीख नीट पाहून ठेवावी. ६० दिवसांची मोजणी तेथूनच सुरू होते.